गोदा-मांजरेच्या कांठीं अश्मयुगाची सुटी

एप्रिल महिना संपत आला, वार्षिक परीक्षा उरकल्या आणि पुस्तकें-दप्तरें माळ्यावर चढलीं, कीं नांदेड-लातुराकडील शहरांतून घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : आतां दोन महिने या मुलांचें करावयाचें काय? बाहेर वैशाख पेटलेला असतो. पारा ४० अंशांच्या वर चढून बसतो. दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. घरांत पंख्याखालीं मुलें सतरंजीवर लोळतात, हातांतल्या चकाकत्या पडद्यावर अक्राळविक्राळ डायनोसोरांच्या लढाया पाहतात, आणि स्वयंपाकघरांतून आई दर अर्ध्या घटकेला हांक देते, "अरे, पुरे झालें तें, डोळ्यांच्या खाचा होतील!" मूल क्षणभर मान वर करतें, आणि पुन्हां कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या त्या रानांत नाहींसें होतें.

मुलाला प्राचीन काळाची ही जी ओढ असते ती टाकाऊ नव्हे. किंबहुना ती जिज्ञासेची पहिली पालवी होय. खेद करावयाचा तर तो इतकाच कीं, जो काळ तें परक्या देशाच्या चित्रांत धुंडाळतें, त्याच्या खुणा त्याच्याच मुलुखांत, नदीच्या कांठीं आणि ओढ्याच्या दरडींत पडून आहेत, आणि त्या दाखविणारें घरांत कोणी नाहीं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या कुटुंबांनीं सुटीचे कांहीं दिवस अश्मयुगाला द्यावेत, आणि तेहि नुसतें वाचून नव्हे, तर हातांनीं मणी घासून, मातीचा कूड लिंपून आणि निखाऱ्यांत रोडगा भाजून द्यावेत, एवढेंच येथें सुचवावयाचें आहे. या खेळाला पैसा जवळजवळ लागत नाहीं. पहांटे उठण्याची तयारी, थोडा धीर, आणि एक नियम पाळण्याची सवय, इतकें भांडवल पुरतें. तो नियम कोणता, हें ओघानें शेवटीं येईल.

आरंभ एका गैरसमजापासून करणें बरें. डायनोसोर आणि गुहेंतला मनुष्य एकाच रानांत वावरत होते, अशी पुष्कळ मुलांची, आणि कित्येक वडीलधाऱ्यांचीहि, समजूत असते. ती घालविण्यास व्याख्यान नको. एक फेरफटका पुरे. सूर्योदयाच्या सुमारास मुलांना घेऊन मोकळ्या रस्त्यावर उभें राहावें आणि ठरवावें कीं, एक पाऊल म्हणजे १,००० वर्षें, आणि चालावयाचें तें भूतकाळाकडे. दोन पावलें टाकून तिसरें उचललें कीं सम्राट् अशोकाचा काळ लागतो. साडेतीन पावलांवर महाराष्ट्रांतले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी भेटतात. २५ पावलांवर खानदेशांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करणारीं माणसें बसलेलीं दिसतात. मग मात्र पाय दुखूं लागतात. कारण तामिळनाडूंतल्या अत्तिरंपक्कम येथें दगडी हातकुऱ्हाडी घडविणाऱ्या मानवापर्यंत पोंचावयास सुमारें १,५०० पावलें चालावें लागतें. आणि डायनोसोर? ते सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं नामशेष झाले. म्हणजे ६६,००० पावलें. मुलाचें पाऊल अर्ध्या मीटरचें धरलें तर हें अंतर ३३ किलोमीटर भरतें. नांदेडहून निघालेला बालवीर लोह्याच्या आसपास जाऊन पोंचेल, आणि लातुराहून निघालेला औसा कधींच मागें टाकील, तेव्हां कोठें त्याला शेवटचा डायनोसोर दिसेल. अर्थात् दीड हजार पावलांनंतर घरीं परतावें, आणि बाकीचें अंतर नकाशावर दाखवावें. ज्या मुलानें हा हिशेब पायांनीं केला, त्याच्या डोक्यांतून तो जन्मांत जाणार नाहीं.

गंमत अशी कीं, त्या ३३ किलोमीटरांच्या टोकाचीहि एक वस्तु मुलाच्या पायाखालींच आहे. मराठवाड्याचा काळा पाषाण हा त्याच सुमारास भूगर्भांतून उसळून वाहिलेला लाव्हारस होय. १९९३ सालच्या भूकंपानंतर किल्लारीस शास्त्रज्ञांनीं खोल वेध घेतला, तेव्हां या पाषाणाचे थर सुमारें ३३८ मीटर खोलीपर्यंत लागले, आणि त्यांच्याहि तळाशीं कितीतरी अधिक पुरातन खडक मिळाला. तशाच जुन्या जातीचा खडक नांदेड जिल्ह्यांत देगलूर-बिलोलीच्या बाजूस ग्रॅनाइटच्या रूपानें उघड्यावर येतो. सुटींत त्या अंगाला मामाच्या गांवीं जाणें झालें, तर काळा दगड कोठें संपला आणि करडा-तांबूस दगड कोठें सुरू झाला, एवढें पाहण्यास मुलांना सांगावें; प्रवास नुसता घामाचा राहणार नाहीं. लाव्हारस निवतांना त्यांत ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढें गारगोटी, अकीक आणि त्यांच्या जातीचे कठीण दगड जमले. काळा पाषाण झिजला. हे मात्र टिकले आणि पुराबरोबर नदीच्या वाळूंत येऊन पडले. या भागांतल्या मनुष्याला धारदार सुरी हवी होती तेव्हां त्यानें हात घातला तो याच दगडांना.

याची साक्ष गोदावरीनेंच दिली आहे. १८६३ सालीं मद्रासजवळ पल्लावरम येथें रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला एक दगडी हातकुऱ्हाड सांपडली, आणि भारतांतल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तेथून प्रारंभ झाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं पैठणनजीक मुंगी येथें वाइन या दुसऱ्या भूशास्त्रज्ञाला गोदावरीच्या जुन्या थरांत अकीकाची एक कपची मिळाली. ती निसर्गानें नव्हे, माणसानें घाव घालून काढलेली होती. पुढें १९५४ पासून नेवासें येथें डॉ. हसमुख सांकलिया यांनीं जें उत्खनन-संशोधन केलें, त्यानें प्रवरेच्या कांठचा अश्मयुगीन मानव जगाला परिचित झाला. प्रवरा गोदावरीला मिळते, आणि तीच गोदावरी मुंगी-पैठणावरून पुढें नांदेडच्या घाटांशीं येते. नांदेडच्या मुलाला अश्मयुग परकें नाहीं. तें त्याच्या नदीच्या वरच्या अंगाला राहत होतें.

लातूरकरांची मांजरा तर याहूनहि विस्मयकारक गोष्ट सांगते. तिच्या कांठच्या जुन्या थरांत हत्ती, रानबैल आणि पाणघोडा यांच्या अश्मीभूत अस्थि मिळाल्या असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं त्यांचा अभ्यास केला आहे. पाणघोडा! दिवसाचा मोठा भाग पाण्यांत बुडून राहिल्यावांचून ज्याच्या कातडीला चैन पडत नाहीं, असा प्राणी ज्या नदींत डुंबत होता, त्याच नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. त्या उन्हाळ्यांत घागरी घेऊन रांगेंत उभीं राहिलेलीं मुलें आज मोठीं झालीं आहेत. त्यांच्या धाकट्या भावंडांना हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं दाखवावींत. नदी म्हणजे कायमची ठेव नव्हे, ती बदलते, आटते, आणि तिच्याबरोबर तिच्या कांठचें जीवनहि बदलतें, हा धडा कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां या दोन चित्रांत अधिक स्पष्ट आहे.

आतां प्रत्यक्ष उद्योगाकडे वळूं. पहिला उद्योग मण्यांचा, कारण तो घराच्या ओसरीवर सावलींत बसून करतां येतो. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांव तालुक्यांत पाटणें येथें १९७२-७३ च्या सुमारास डॉ. एस. ए. साळी यांनीं उत्खनन केलें, तेव्हां शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्याच कवचाचा रेघोट्या कोरलेला एक तुकडा मिळाला. त्यांचें वय सुमारें २५,००० वर्षांचें मानतात. शहामृग आज भारतांत रानांत नाहीं. परंतु नारळाची करवंटी प्रत्येक घरांत आहे. तिचे नखाएवढे तुकडे करावेत, वडिलांनीं गिरमिटानें त्यांना भोकें पाडावींत, आणि मुलांनीं ते सर्व तुकडे एका तारेंत घट्ट ओंवून पाण्याचा हात देत खरबरीत दगडावर गोल फिरवीत घासावेत. तासाभरांत हात भरून येतील आणि कोपरे जेमतेम बोथट होतील. "एवढे कष्ट कशाला घेत होते हे लोक?" असा प्रश्न एखादी मुलगी विचारीलच. उत्तर देण्याची घाई करूं नये. ज्यांना रोजचें अन्न रोज शोधावें लागत होतें, त्यांनीं शोभेच्या माळेसाठीं दिवसचे दिवस कां वेंचले असतील, हा विचार तिला स्वतःलाच करूं द्यावा. आठवडाभरानें तयार झालेली माळ गळ्यांत घालतांना उत्तर तिचें तिला सांपडेल.

दुसरा उद्योग झोंपडीचा. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या विद्वानांच्या परिश्रमांतून तेथें इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलें एक सबंध खेडें उजेडांत आलें. कुडामातीच्या भिंतींचीं घरें, धान्याचीं पेवें, चुली, कुंभाराची भट्टी, आणि पुराचें पाणी वळवून नेणारा कालवा, असा सगळा संसार त्या मातीखालीं होता. जव हें त्यांचें मुख्य पीक. शिवाय कुळीथ, मसूर आणि रानचीं बोरें. घराच्या जमिनीखालीं दोन मडकीं तोंडाला तोंड लावून ठेवलेलीं आढळलीं. त्यांत तान्ह्या मुलांचे देह पुरलेले होते. मेलेल्या बाळाला गांवाबाहेर न नेतां स्वतःच्या घरांत, पायाखालच्या मातींत ठेवणाऱ्या त्या आईबापांच्या मनांत काय असेल, हें जाणत्या मुलांना हलक्या शब्दांत सांगण्यास हरकत नाहीं. तीन हजार वर्षांपूर्वींचा मनुष्य रानटी होता, हा समज त्या दोन मडक्यांपाशीं गळून पडतो.

असें घर बांधावयास मराठवाड्यांत सामान विकत आणावें लागत नाहीं. तूर निघालेली असते, कापूस वेंचून झालेला असतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेताच्या बांधावर पडलेल्या असतात. शहरांतल्या कुटुंबानें दोन दिवस गांवीं काकांच्या किंवा मामांच्या मळ्यांत जावें. मुलांनीं जमिनींत आठ-दहा खळगे खणून त्यांत मेढी रोवाव्यात, मधें तुराट्यांचा कूड विणावा, आणि माती, भुसा व शेण एकत्र तुडवून तो दोन्ही अंगांनीं लिंपावा. तुडविण्याच्या कामाला एकहि मूल नाहीं म्हणणार नाहीं. झोंपडी चार मुलें दाटीवाटीनें बसतील एवढीच असावी. खरा धडा मात्र ती मोडतांना मिळतो. सुटीच्या अखेरीस कूड काढून टाकावा, मेढी उपटाव्यात आणि पहिला पाऊस पडूं द्यावा. दिवाळींत परत आल्यावर मुलांना काय दिसेल? भिंत नाहीं, छप्पर नाहीं. केवळ भोंवतालच्या मातीपेक्षां निराळ्या रंगाच्या, भुसभुशीत मातीनें भरलेल्या गोल खुणा, आणि त्याहि एका रांगेंत. इनामगांवचीं घरें संशोधकांनीं अशाच खुणांवरून ओळखलीं. जें आपण स्वतः बांधलें आणि मोडलें, त्याचा माग मातींत कसा उरतो, हें पाहिलेलें मूल पुढें कोणत्याहि पडक्या टेकाडाकडे पूर्वींच्या डोळ्यांनीं पाहणार नाहीं.

इनामगांवची कथा येथें संपत नाहीं. इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास तेथील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान, गोल झोंपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवर आणि जनावरांवर भिस्त वाढली. आणि शेवटीं लोक गांव सोडून गेले. पाऊसमान घटून हवा कोरडी होत गेली, हें त्याचें कारण असावें, असें ढवळीकरांचें मत होतें. मराठवाड्यांतल्या मुलाला हें समजावून सांगावें लागत नाहीं. विहीर आटली म्हणून ऊस तोडणीला गेलेलें बिऱ्हाड त्यानें पाहिलेलें असतें. ओसाड घराच्या दाराला लागलेलें कुलूप त्याच्या ओळखीचें असतें.

झोंपडी झाली कीं संध्याकाळीं चूल पेटवावी. जव मिळाला तर उत्तम, नाहीं तर गहू घ्यावा, आणि भूक लागलेल्या मुलांनाच तो पाट्यावर रगडावयास लावावा. अर्धा तास रगडून ओंजळभर भरड निघते, तेव्हां आजीच्या तळहाताला घट्टे कां पडले होते याचा उलगडा होतो. त्या भरडीचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावेत, जोडीला कुळथाचें कढण करावें, आणि कांदे व वांगीं तशींच राखेंत सारावींत. विस्तव चकमकीनें पेटविण्याचा प्रयत्न वडिलांनीं करून पाहावा. तो बहुधा फसतो, आणि वडील फसलेले पाहण्यांत मुलांना मोठा आनंद असतो. येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी : विस्तव कडब्याच्या गंजीपासून आणि वाळल्या गवतापासून दूर, भुई साफ करून, जवळ पाण्याची घागर ठेवूनच पेटवावा, आणि वारा सुटलेला असेल त्या दिवशीं पेटवूंच नये.

तिसरा उद्योग खोट्या उत्खननाचा. आजोबांनीं मुलांना न कळूं देतां परसांत हात-दीड हात खोल खड्डा घ्यावा. तळाशीं गारगोटीचे तुकडे ठेवून त्यांवर काळी माती घालावी. मधल्या थरांत फुटक्या मडक्याच्या खापऱ्या आणि चुलींतली राख घालून पांढरी माती पसरावी. वरच्या थरांत फुटकी बांगडी आणि यंदाचें एखादें नाणें पुरून तांबडी माती लोटावी. मग मुलांच्या हातीं खुरपें आणि जुना कुंचला देऊन सांगावें, "बाळांनो, येथें कोण राहत होतें तें शोधून काढा." अट एकच : जी वस्तु मिळेल ती उचलण्यापूर्वीं तिची जागा, खोली आणि मातीचा रंग वहींत लिहावयाचा. धसमुसळें मूल घाईनें सगळें उकरून वस्तूंचा ढीग पुढें करील, त्याला विचारावें, "अरे, यांतलें आधींचें कोणतें आणि नंतरचें कोणतें?" तें गोंधळेल. जें लिहिलें नाहीं तें पुन्हां कळावयाचें नाहीं, कारण खणलेला थर परत रचतां येत नाहीं, हें त्या वेळीं त्याच्या ध्यानांत येईल. पुराणवस्तुशास्त्राचें सर्व मर्म या एका गोंधळांत आहे.

असे उद्योग इतर देशांतहि चालतात. डेन्मार्कमध्यें लायर येथें १९६४ सालीं अशा प्रयोगांचें एक केंद्र निघालें, आणि १९७० नंतर तेथें साधीं शहरी कुटुंबें उन्हाळ्याच्या सुटींत येऊन लोहयुगाच्या पद्धतीच्या घरांत, त्या काळासारखे कपडे घालून राहूं लागलीं. त्यांना कूड विणण्यापासून दळण्यापर्यंत सर्व नव्यानें शिकावें लागलें. मराठवाड्याचें भाग्य असें कीं, येथें ही विद्या अजून घरांत आहे. तुराट्यांचा कूड कसा बांधावा, पेवाचें तोंड कसें बुजवावें, गोफणीची गांठ कशी मारावी, हें सांगणारे आजी-आजोबा अजून ओसरीवर बसलेले आहेत. त्यांना नातवंडांनीं कधीं विचारलें नाहीं, इतकेंच. मात्र एक चूक होऊं देऊं नये. किनवटच्या रानांतले गोंड-कोलाम बांधव किंवा छिन्नीनें पाटे टांकणारा कारागीर पाहून "हे अश्मयुगांतले लोक" असें मूल म्हणालें, तर तेथेंच त्याला थांबवावें. तीं माणसें आजचीं आहेत. त्यांचें ज्ञान जुनें आहे आणि तें जिवंत आहे. जुनें जपणें निराळें आणि मागें राहणें निराळें.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर मगच मुलांना नदीवर न्यावें. सूर्य वर येण्यापूर्वीं निघावें आणि साडेआठाच्या आंत सावलींत परतावें. डोक्याला टोपी, बरोबर पाणी असावें. दगड हातानें नव्हे, काठीनें उलथावा. उन्हाळ्यांत त्याखालीं विंचू गारवा शोधीत बसलेला असतो. वाळूसाठीं उकरलेल्या खड्ड्यांत पाणी सांचलेलें असेल तर त्याच्या जवळपासहि मुलांना फिरकूं देऊं नये. वरून उथळ दिसणारा तो डोह आंत किती खोल असेल याचा नेम नसतो. वाळूंतले गोटे रंगावरून आणि कठीणपणावरून निवडावेत. कोणता कोणावर ओरखडा काढतो तें पाहावें. मणी घासलेल्या हातांना आतां दगड ओळखूं येतो. माणसानें काढलेल्या कपचीच्या एका अंगाला, जेथें घाव बसला त्याच्या लगत, शिंपल्याच्या पाठीसारखा किंचित् फुगीर भाग असतो, आणि दुसऱ्या अंगावर आधीं निघालेल्या कपच्यांचे वण असतात. पुरांत आपटून फुटलेल्या दगडावर अशी शिस्तवार रचना सहसा दिसत नाहीं. बहुतेक सकाळीं कांहींच मिळणार नाहीं. पण एखादे दिवशीं एखादें मूल ओरडेल, "आजोबा, हें पाहा!" आणि लगेच पुढचा प्रश्न येईल, "घरीं नेऊं का?"

येथें तो नियम येतो. नेऊं नये. चित्र काढावें, मापें घ्यावींत, छायाचित्र घ्यावें, जागेची नोंद करावी, दगड होता तसाच ठेवावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीमार्फत पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठांतल्या जाणकारांना कळवावें. मुंगीच्या कपचीला मोल आलें तें ती सुंदर होती म्हणून नव्हे. ती गोदावरीच्या कोणत्या थरांत होती हें ठाऊक होतें म्हणून. घरच्या फळींत ठेवलेली कपची हा नुसता दगड असतो. थरांतली कपची ही साक्ष असते. याच कारणास्तव नदीकांठीं दगड फोडण्याचा खेळहि करूं नये. आज काढलेली कपची उद्यांच्या संशोधकाला फसवील. तो प्रयोग वडिलांनीं घरच्या अंगणांत, डोळ्यांना चष्मा लावून, खालीं जाड कापड पसरून करावा, मुलांना दूर बसवावें, आणि शेवटीं सगळ्या कपच्या एका खड्ड्यांत पुरून त्यांच्याबरोबर यंदाच्या सालचें एक नाणें ठेवावें. पुढें कधीं कोणी तें उकरलें, तर हा खेळ कोणत्या वर्षाचा हें त्याला नाणें सांगेल. हजारों वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाशीं प्रामाणिकपणें वागण्याचा हा संस्कार दुसऱ्या कोणत्या खेळांत मिळतो?

आणि या नियमाची आज निकड आहे. गोदावरी आणि मांजरा यांच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, कांठ खचतात, आणि जे थर लाखो वर्षें टिकले ते एका रात्रींत मालमोटारींत भरून इमारतींच्या पायांत जातात. त्यांत पाणघोड्याचा दांत होता कीं दगडाची सुरी होती, हें कोणालाहि कळत नाहीं. कारण पाहणारा डोळाच तेथें नसतो. पहारेकरी सगळीकडे नेमतां येत नाहींत. परंतु ज्या गांवांतल्या दहा मुलांनीं एका उन्हाळ्यांत मणी घासला, कूड लिंपला आणि थर वाचला, त्या गांवच्या नदीला दहा रक्षक मिळाले असें समजावें. तीं मुलें मोठीं होऊन अभियंते होतील, व्यापारी होतील, तलाठी होतील. एखादे दिवशीं त्यांच्याच सहीनें एखाद्या कांठाचें भवितव्य ठरावयाचें असेल. त्या दिवशीं त्यांच्यापैकीं एकाच्या हाताला तो करवंटीचा मणी आठवला, तर त्या सुटीचें सार्थक झालें.